दोन पोर्टचा लॅपटॉप की सात पोर्टचा? कोकण किनाऱ्यावर घेण्याआधी

लॅपटॉपच्या दुकानात सध्या दोन घराणी दिसतात. एकात दोन-तीन टाइप-सी पोर्ट, फार तर हेडफोनचं एक भोक, बाकी कडा कोऱ्या. दुसऱ्यात दोन-तीन जुने चपटे यूएसबी, एचडीएमआय, एखादा टाइप-सी, कधी लॅन (इंटरनेटच्या वायरीचा पोर्ट), कधी कार्डाची खाच आणि बहुधा चार्जरची वेगळी गोल पिन. पहिला हलका आणि देखणा. दुसरा जाडजूड आणि बहुतेक वेळा स्वस्त.

पोर्ट काढण्याचा वाद जुना आहे. अ‍ॅपलच्या २००८ च्या मॅकबुक एअरमधून लॅन आणि सीडी ड्राइव्ह गेले. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकला एकच टाइप-सी ठेवला, २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये हेडफोन सोडून सगळंच टाइप-सी झालं. मग २०२१ मध्ये त्याच कंपनीने प्रो मॉडेलवर एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच आणि चुंबकी चार्जर परत आणला. डेलने २०२२ च्या एक्सपीएस १३ प्लसमधून हेडफोनचं भोकही काढलं. काढणारे म्हणतात, एकाच पोर्टातून वीज, चित्र, डेटा सगळं जातं तर बाकीचे हवेत कशाला. न काढणारे म्हणतात, मग बॅगेत डोंगलांचा, म्हणजे जोड-अडॅप्टरांचा, गुंता का?

एसी ऑफिसात बसणाऱ्याला हा वाद एवढाच आहे. देवगड, गुहागर, वेंगुर्ल्यात लॅपटॉप वापरायचा असेल तर आणखी तीन गोष्टी मोजाव्या लागतात: खारी हवा, जाणारी लाइट आणि दुरुस्तीवाल्याचं अंतर. त्या मोजल्या की पोर्ट किती यापेक्षा चार्जिंग कोणत्या पोर्टातून होतं, हा प्रश्न मोठा ठरतो.

खार आणि चार्जिंगचं भोक

कागदावर टाइप-सी दणकट आहे. तो १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेला, जुना चपटा यूएसबी-ए साधारण १,५०० वेळांसाठी. पण किनाऱ्यावर पोर्ट झिजून कमी मरतो, खारून जास्त.

कारण आतल्या मांडणीत आहे. टाइप-सीमध्ये २४ पिना दोन ओळींत, दोन पिनांच्या मध्यांत फक्त ०.५ मिमी अंतर. यूएसबी-एच्या चार मुख्य पिना २ ते २.५ मिमी अंतरावर, आणि त्यांत वीज असते ५ व्होल्टची. टाइप-सीतून ६५ वॅटचा चार्जर लावला की २० व्होल्ट येतात. त्या २० व्होल्टच्या पिनेला अगदी खेटून बसलेली पिन म्हणजे सीसी. चार्जर आणि लॅपटॉप किती व्होल्ट घ्यायचे ते हिच्यावरून ठरवतात. या दोघींमध्ये खारट ओल साचली की २० व्होल्ट सीसीवर उतरतात आणि मागची छोटी चिप जाते. मग चार्जर चांगला, बॅटरी चांगली, पण लॅपटॉप ५ व्होल्टवर अडकतो किंवा चार्जिंग घेतच नाही.

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, पावसाळ्यात मिठाची बरणी दाखवते तेच. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. पोर्टात बसलेला खार तेव्हा ओला होतो, आणि त्याच वेळी आतून वीज वाहत असेल तर पिना हिरव्या पडतात. टाइप-सीत काही जोडलेलं नसताना जवळजवळ वीजच नसते, म्हणून रिकामा पोर्ट बराच सुरक्षित. रात्रभर चार्जर लावून खिडकीपाशी ठेवलेला लॅपटॉप मात्र सगळ्यात लवकर खारतो. बॅटरी भरली की प्लग काढायचा, आणि न वापरलेल्या पोर्टांना सिलिकॉनची टोपणं लावायची.

आता दुसरं घराणं. गोल पिनेतही साधारण १९-२० व्होल्टच असतात, पण तिथे संपर्क दोन-तीनच आणि अंतर मोठं. बहुतेक मॉडेलांत ते सॉकेट छोट्या वायरीच्या टोकाला असतं, मदरबोर्डाला डकवलेलं नसतं. खराब झालं तर वायरीसकट बदलायचं, तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवालाही करून देतो. टाइप-सी बोर्डावरच डकवलेला असेल तर गरम हवेचं मशीन, सूक्ष्मदर्शक आणि बसलेला हात लागतो, कारण पिनांची एक ओळ पत्र्याच्या खाली झाकलेली असते. त्या कामासाठी लॅपटॉप बहुधा कोल्हापूर, पणजी किंवा मुंबईला जातो.

अपवाद आहेत, आणि ते पहिल्या घराण्याच्या बाजूचे आहेत. मॅकबुकमध्ये टाइप-सी पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात, पोर्ट गेला म्हणून मदरबोर्ड बदलावा लागत नाही. शिवाय २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ चिपपासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. पोर्टांपेक्षा पंखा जास्त खारी हवा आत ओढतो, ही गोष्ट पोर्टांच्या वादात सहसा कोणी बोलत नाही. सात पोर्टांचा पंखेवाला लॅपटॉप खाडीकाठच्या पडवीत रोज आठ तास चालवला, तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांत खार आणि धूळ मिळून लगदा बसतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, उघडून साफ करून घ्यावा.

चुंबकी चार्जरचं एक. वाटेत वायर अडखळली तर लॅपटॉप पडत नाही, हा फायदा खरा. पण रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याजवळ वाळूतले लोहयुक्त कण चुंबकाला चिकटतात आणि नेमके पिनांच्या मध्ये बसतात. लावण्याआधी दोन्ही बाजू कोरड्या ब्रशने झटका. बाजारात मिळणारी स्वस्त चुंबकी टाइप-सी टोकं घेऊच नका. त्यांच्या उघड्या पिनांमधलं अंतर आणखी कमी, आणि त्यांच्यातून तेच २० व्होल्ट.

लाइट जाते तेव्हा

इथे टाइप-सी निर्विवाद पुढे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तशा वेळी टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जरने भरता येतो, पॉवर बँकेवरही भरतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास. वाटेत जाणारी वीज वजा केली तर ५०-६० वॅट-तासांची लॅपटॉपची बॅटरी जवळजवळ एकदा भरते. पॉवर बँकेवर पीडी ४५ किंवा ६५ वॅट आणि २० व्होल्टचं आउटपुट छापलेलं हवं. फोनसाठीची २२.५ वॅटवाली बहुतेक लॅपटॉप नाकारतात. वायरही तशीच हवी: साधी टाइप-सी वायर ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंतच नेते. त्यापुढे ५ अँपिअरची चिपवाली वायर लागते.

गोल पिनेच्या लॅपटॉपला इन्व्हर्टर किंवा जनरेटर लागतो. सध्याचे पुष्कळ सात-पोर्टवाले टाइप-सीवरूनही चार्ज होतात, पण सगळे नाहीत. स्वस्त मॉडेलांतला टाइप-सी अनेकदा फक्त डेटासाठी असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

कमी पोर्टवाल्याचा मोठा घात मात्र लाइट जातानाच होतो. समजा एका टाइप-सीत हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) लावलाय, चार्जर हबमधून, आणि हबवर पेन ड्राइव्ह, बोटांच्या ठशांचं थम मशीन, प्रिंटर. लाइट गेली. आतापर्यंत चार्जर लॅपटॉपला आणि हबला वीज देत होता, आता लॅपटॉपने हबला द्यायची. ही अदलाबदल होताना बऱ्याच हबांची वीज क्षणभर तुटते आणि हबवरचं सगळं एकदम डिसकनेक्ट होतं. कॉपी चालू असेल तर फाइल अर्धवट राहते, कधी पेन ड्राइव्हच फॉरमॅट मागतो. थम मशीनची सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागते, रांग तिथेच थांबते. लाइट परत आली की हाच खेळ पुन्हा. उपाय एकच: चार्जर लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टात, हब दुसऱ्या पोर्टात. म्हणून चार्जिंगसकट एकच टाइप-सी असलेला लॅपटॉप कितीही सुरेख असला तरी इकडे घेऊ नये.

रोज काय जोडता ते मोजा

आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, टेंडर भरणारा कंत्राटदार, जीएसटीचं काम करणारा. यांच्याकडे डिजिटल सहीचं टोकन, बोटांच्या ठशांचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर, बहुधा सगळ्यांना चपटा यूएसबी-ए. दिवसभर तीन-चार वस्तू लागतात, म्हणून इथे थेट पोर्ट असलेला लॅपटॉपच बरा. टोकनपुरतंच असेल तर टाइप-सीचा छोटा अडॅप्टर, साधारण दीडशे ते तीनशे रुपयांचा, पुरतो. तो टोकनलाच दोऱ्याने बांधून ठेवावा, नाहीतर शेवटच्या तारखेला सापडत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायतीत जुने व्हीजीए प्रोजेक्टर अजून भेटतात. एचडीएमआय असलेल्या लॅपटॉपला एक रूपांतरक लागतो. टाइप-सीवाल्याने हब, त्यावर एचडीएमआय, त्यावर व्हीजीए अशी साखळी करू नये. टाइप-सी ते व्हीजीए असा थेट अडॅप्टर घ्यावा. व्हीजीएतून आवाज जात नाही, स्पीकरची वायर वेगळी. टाइप-सीतून चित्र जाण्यासाठी त्या पोर्टाला डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड हवा, तो नसेल तर कोणताही अडॅप्टर चालणार नाही.

तारकर्ली-मालवणकडे स्कुबाचे व्हिडिओ पर्यटकांना उतरवून देणाऱ्यांनी अंगची कार्ड-खाच शोधत बसू नये. बोटीवरून आलेलं मायक्रो एसडी कार्ड ओलं असतं, आणि लॅपटॉपची खाच खारली तर ती बदलणं कठीण. चारशे-पाचशेचा कार्ड रीडर खारला तर टाकून देता येतो.

लॅनचंही तसंच. गावातल्या इंटरनेटवाल्याची तांब्याची लॅन वायर खांबावरून किंवा झाडावरून घरात येत असेल, तर मे महिन्याच्या अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात विजेचा झटका थेट लॅपटॉपपर्यंत पोचतो. अंगच्या लॅनची चिप मदरबोर्डावर असते. यूएसबीचा लॅन अडॅप्टर बऱ्याचदा स्वतः जळून लॅपटॉप वाचवतो, नेहमी नाही. फायबर काचेचा असला तरी राउटरच्या चार्जरवाटे झटका येऊ शकतो, तेव्हा वीज चमकू लागली की वायर काढणं उत्तम. एकूण, अंगच्या लॅनसाठी किनाऱ्यावर जास्त पैसे मोजावेत असं वाटत नाही.

हब घ्यायचाच तर

दोन ते चार हजारांचा हब घ्या, सातशेचा नको. स्वस्त हबवरचा लॅन बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो आणि यूएसबी कधी कधी २.०, म्हणजे ४८० एमबीपीएस. हब स्वतः १०-१५ वॅट राखून ठेवतो, म्हणजे ६५ वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपला पन्नासच पोचतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सुरू होताना जवळजवळ १ अँपिअर ओढते, ती लॅपटॉपच्या पोर्टातच लावा. हबशेजारी बिनतारी माउसचा डोंगल लावला तर माउस अडखळतो. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो म्हणून. डोंगल फूटभर वायरीवर लांब न्या. त्याच कारणाने वायफाय रेंगाळत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा.

मग कोणी काय घ्यावं

मुंबई-पुण्याचं काम गावच्या घरातून करणारे, कॉलेजची मुलं, सतत एसटी आणि रेल्वेने फिरणारे यांना कमी पोर्टवाला चालेल. दोन टाइप-सी तरी हवेत, आणि चार्जिंग दोन्हींतून हवं. एक खारला तर दुसरा तारतो. बिनपंख्याचं मॉडेल बजेटमध्ये बसत असेल तर तेच. दुकान, सेवा केंद्र, शाळा, हिशेबाचं काम यांना सात पोर्टवाला घ्यावा, पण गोल पिनेबरोबर टाइप-सीवरही चार्ज होणारा. सगळं मोजून हीच जोडी किनाऱ्याला सर्वांत योग्य वाटते: रोज गोल पिन, अडचणीला टाइप-सी. फक्त गोल पिनेवाला स्वस्त मिळत असेल तर घरात इन्व्हर्टर आहे का ते आधी बघा.

विकत घेताना पत्रकावर टाइप-सीपुढे ‘पॉवर डिलिव्हरी’ आणि ‘डिस्प्लेपोर्ट’ हे दोन शब्द आहेत का ते वाचा, दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका. आपलं टोकन, पेन ड्राइव्ह, थम मशीन बरोबर नेऊन तिथेच लावून पाहा. टाइप-सी चार्जर दोन्ही बाजूंनी, म्हणजे सरळ आणि उलटा, लावून चार्जिंग येतं का बघा. हीच चाचणी पुढे दर पावसाळ्यानंतर करायची: एका बाजूने चार्ज होतो आणि उलट्या बाजूने नाही, असं झालं तर बहुधा एक सीसी पिन खारली किंवा वाकली आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, लाकडी टूथपिकवर धागे न सुटणाऱ्या कापडाचा बारीक तुकडा गुंडाळा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करा, भोकातल्या मधल्या जिभेच्या दोन्ही अंगांनी हलकेच फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. टाचणी नको, डब्ल्यूडी-४० नको. तरीही फरक पडला नाही तर त्या पोर्टाने चार्जिंग थांबवा, चिप शाबूत असताना दुरुस्ती स्वस्तात होते.

वॉरंटीत गंज आणि ओल सहसा धरत नाहीत. अपघाती नुकसानीची जोड-योजना घेण्याआधी तिच्यात द्रवाने झालेलं नुकसान येतं का ते वाचा, आणि ऑनसाइट सेवा म्हणत असतील तर कंपनीच्या साइटवर स्वतःच्या गावाचा पिनकोड टाकून पाहा. जिल्ह्याच्या ठिकाणाचा नको, गावाचाच.