सात अपॉस्टिल, नंबर मात्र एकच

आकडा आधीच सांगतो: फसवणुकीत आमचे ४,३१,५०० रुपये गेले.

वडिलांचे चुलतभाऊ इंग्लंडमध्ये वारले. मूलबाळ नव्हतं, मृत्युपत्रात घराच्या विक्रीतला काही हिस्सा वडिलांच्या नावे ठेवलेला. तिकडच्या वकिलांचं पत्र आलं आणि पाठोपाठ नात्यातल्याच एकाने 'परदेशी वारसाची कामं करणारा' माणूस गाठून दिला. ऑफिस, बोर्ड, शिक्क्यासह पावती, सगळं व्यवस्थित. "दादा, त्या वकिलांशी तुम्ही परस्पर बोलू नका. एक शब्द चुकीचा गेला तर क्लेम वर्षभर लटकतो. मंत्रालयापासून लंडनपर्यंत आपली माणसं आहेत." ऐंशी वर्षांच्या माणसाचे कागद असतात तेव्हा हे ऐकून कुणालाही बरंच वाटतं.

फाइल तयार करायचे १८,५००. सात कागदांच्या अपॉस्टिलचे (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते प्रमाणपत्राचं स्टिकर) प्रत्येकी ९,००० म्हणजे ६३,०००. परराष्ट्र मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये आहे! वर अधिकृत एजन्सीचा थोडा आकार, बस. मग प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र मान्य करून घेण्याची, 'कोर्ट फी' म्हणून २,१०,०००. खरी फी ३०० पौंड, तीही एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) भरतो, वारसदार नाही.

आता ते स्टिकर. कागदाच्या मागे चिकटवलेले, चकचकीत. सातही कागद टेबलावर पालथे मांडून मी स्वतः फोटो काढले. सातहीवर एकच नंबर. तो मला दिसला होता, हे लिहिताना आजही डोकं फिरतं. मला वाटलं, एका कुटुंबाची एक फाइल, म्हणून एक नंबर. सरकारी कागदावर याहून विचित्र गोष्टी आपण रोज बघतो, मग शंका का यावी? पण प्रत्येक अपॉस्टिलचा नंबर वेगळा असतो आणि तो मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम. त्याच संध्याकाळी केलं असतं तर पुढचे साडेतीन लाख वाचले असते.

शेवटी 'वारसा कर क्लिअरन्स' म्हणून १,४०,०००, एका बाईंच्या बचत खात्यात. त्यावर पोचला तो 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' नावाचा कागद. मृत्युपत्र नसतं तेव्हा कोर्ट हे देतं. आमच्याकडे तर मृत्युपत्र होतं! मी थेट वकिलांना मेल केला. उत्तर आलं: प्रोबेटचा अर्ज एक्झिक्युटरने केव्हाच केलाय, तुमच्याकडून फक्त ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचा तपशील हवा आहे.

तिथले वकील खरे आहेत का, हे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतं. फोन नंबरही तिथलाच घ्या, पत्रावरचा नको. खऱ्या फर्मच्या नावाने खोटी पत्रं निघतात.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मॅटर आहे." सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटलाय, मग सायबर कसं? ठाण्यात परत गेलो तर म्हणे पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरलाच जा. ते खातं दुसऱ्या हद्दीतलं, म्हणून तिकडे पाठवायचाही प्रयत्न झाला. कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे, हद्द कुठलीही असो. हे मी त्यांना सांगायचं? बँक म्हणते, व्यवहार तुमच्याच ओटीपीने झाला. अर्जावर पोच मागितली तर साहेब राउंडला. फसवणाऱ्याने निदान चहा तरी विचारला होता.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पैसे गेल्या गेल्या फोन करा. आम्ही उशिरा केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

आणि इंग्लंडचा वारसा कर साधारणपणे मृताच्या मालमत्तेतून, तिथल्या कर खात्याकडे जातो. ३,२५,००० पौंडांपर्यंत तर तो लागतही नाही. कुणी तुमच्याकडून तो आगाऊ मागतोय? उठा तिथून. त्या ऑफिसवर आता नवा बोर्ड लागलाय, 'एनआरआय मालमत्ता सल्लागार'. माणूस तोच आहे.