विपश्यना, टीएम की सिद्धयोग? परंपरा बघून ठरवणाऱ्यांसाठी

ध्यान शिकायचंय पण कुठे जाऊ असं विचारणाऱ्यांचा पुढचा प्रश्न हमखास "ऑथेंटिक परंपरा कोणाची?" हाच असतो. आपल्याकडे तो येणारच म्हणा, आदिनाथापासून ज्ञानोबांपर्यंतची नावं लोकांना तोंडपाठ असतात. (तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला तो स्वप्नात, त्याचं सर्टिफिकेट कोण मागतंय!) माझं मत आधीच सांगून टाकते, परंपरा किती जुनी हे दुय्यम, आज तिथे शेवटचा शब्द कोणाचा चालतो आणि शिकून झाल्यावर तुम्हाला त्यांच्याशिवाय घरी बसता येतं का, हे आधी बघा.

विपश्यनेपासून (श्वास आणि शरीरातल्या संवेदना बघत बसण्याचं ध्यान) सुरू करू कारण त्यांचं इगतपुरीचं केंद्र आपल्याला जवळ. ती शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकाजींची गुरुसाखळी मागे चार पायऱ्यांपर्यंत एकदम स्वच्छ दिसते: लेडी सयाडो (१८४६-१९२३) हे भिक्खू, त्यांचे शिष्य सया थेटजी शेतकरी, त्यांचे सयाजी ऊ बा खिन हे बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल, आणि त्यांच्याकडे १९५५ मध्ये मायग्रेनने हैराण होऊन आलेले, मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी म्हणजे गोएंकाजी. म्हणजे भिक्खूंची विद्या संसारी माणसांच्या हातात आली, हे मला यातलं सगळ्यात भारी वाटतं. लेडी सयाडोंच्या मागे मात्र नावं मिळत नाहीत, तिथून थेट सम्राट अशोकाच्या काळातल्या सोण आणि उत्तर या भिक्खूंपर्यंत उडी आहे आणि ती श्रद्धेचीच. शुद्ध बुद्धाची विद्या हीच, असं शिबिरात ऐकाल. पण बर्मातल्याच दुसऱ्या एका आचार्यांच्या, महासी सयाडोंच्या परंपरेतले लोक पोटाचं वरखाली होणं बघत बसतात आणि तीही बुद्धाचीच म्हणतात.

गोएंकाजी २०१३ मध्ये गेले, गादीवर कोणालाच बसवलं नाही. आजही सूचना त्यांच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात, संध्याकाळचं प्रवचन व्हिडिओवर, आणि समोर बसलेले सहायक आचार्य बटण दाबतात आणि शंका ऐकतात. पहिल्या संध्याकाळी पाली भाषेत स्वतःला बुद्धाला आणि आचार्यांना समर्पित करायची ओळ म्हणावी लागते, आम्ही संप्रदाय नाही म्हणणाऱ्यांकडे ही ओळ का, असं मनात येतंच. गादीवर कोणाला न बसवण्याचा फायदा असा की कोणी नवा महाराज उगवत नाही, पदाचा मोह धरायला पदच नाही. तोटा असा की तुमचा प्रश्न चौकटीबाहेरचा असेल तर उत्तर फिरून फिरून "बघत राहा, अनिच्च" (म्हणजे सगळं अनित्य आहे) वर येतं, कारण एक शब्दसुद्धा बदलायचा अधिकार आता कोणाकडे उरलेला दिसत नाही. पैसे आधी घेत नाहीत, दान घेतात ते एक तरी शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच.

टीएम म्हणजे ट्रान्सेंडेंटल मेडिटेशन, महर्षी महेश योगींचं मंत्रध्यान. इथे शिकायला जाताना फुलं, फळं आणि नवा कोरा पांढरा रुमाल न्यायचा, शिक्षक तुमच्यासमोर गुरुदेवांच्या, म्हणजे महेश योगींचे गुरू ब्रह्मानंद सरस्वतींच्या फोटोची पूजा करतात आणि संस्कृतात नारायण, वसिष्ठ, व्यास, शुक, गौडपाद, शंकराचार्य असं करत गुरुदेवांपर्यंत येतात, मग कानात मंत्र मिळतो जो कोणाला सांगायचा नाही. कागदावर तिघांत हीच वंशावळ सगळ्यात रुबाबदार. पण ज्या ज्योतिर्मठाचे हे गुरुदेव शंकराचार्य, ती गादी १९४१ ला त्यांना बसवण्याआधी दीडशेहून जास्त वर्षं रिकामी होती, आणि १९५३ ला ते गेल्यावर वारसा कोणाचा यावरून भांडण कोर्टापर्यंत गेलं. महेश योगी स्वतः गादीचे वारस नव्हतेच, जन्माने ब्राह्मण नसल्यामुळे होऊही शकले नसते, ते मठात सचिवाचं काम बघायचे. गुरूच्या नावावर त्यांनी स्वतःची पद्धत उभी केली आणि ती चालली. २००८ नंतर प्रमुख झाले ते लेबनॉनचे डॉक्टर टोनी नादर. फी लागते, पण रोज दोनदा वीस मिनिटं, खुर्चीवर बसून, विषय संपला. गुरूचा पगडा रोजच्या आयुष्यात सगळ्यात कमी इथेच जाणवतो, पुढचे महागडे कोर्स, योगिक फ्लाइंग (मांडी घालून उड्या मारणं) वगैरे मागे लागला नाहीत तर.

सिद्धयोगाचं गणित वेगळं. गणेशपुरीच्या नित्यानंदांकडून मुक्तानंदांना १९४७ मध्ये शक्तिपात (गुरूने शिष्यातली शक्ती जागी करणं), तिथून त्यांच्या शिष्या गुरुमाई चिद्विलासानंद. इथे गुरू शिकवतो कमी आणि देतो जास्त, म्हणजे गुरूच काढून टाकला तर साधनेत उरतं काय हा प्रश्न आहेच. सकाळची गुरुगीता (गुरूची थोरवी गाणारं संस्कृत स्तोत्र) म्हणायला बसलात की कळतं, मांडणीच तशी आहे. १९८२ मध्ये मुक्तानंदांनी गुरुमाई आणि त्यांचे भाऊ दोघांनाही वारस नेमलं, १९८५ मध्ये भाऊ बाजूला झाले आणि नंतर त्यांनी शांती मंदिर ही वेगळी संस्था काढली. मुक्तानंदांच्या निधनानंतर, १९८३ मध्ये, अमेरिकेत त्यांच्यावर लैंगिक शोषणाचे आरोप छापून आले, संस्थेने ते कधी मान्य केले नाहीत. ज्याला भक्तीची ओढ आहे त्याला इथे जे मिळतं ते इगतपुरीच्या हॉलमध्ये मिळणार नाही हे खरं, पण वरचं सगळं वाचून मगच जा. नुसतं नित्यानंदांचं दर्शन हवं असेल तर गणेशपुरीत समाधी मंदिर आहे, तिथे कोणी तुम्हाला शिष्य करून घेत नाही.

तर नवख्याला मी विपश्यनाच सांगेन, दहा दिवसांची रजा मिळत असेल तर. लहान मूल घरात, ऑफिस, लोकल असं असेल तर टीएम, फी परवडत असेल तर. फक्त इगतपुरीचा फॉर्म भरताना मानसिक आजार, चालू औषधं विचारतात तिथे खरं लिहा, ओळखीच्या कोणी "काही होत नाही गं, नको लिहू" म्हटलं तरीसुद्धा, कारण दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, फोन जमा, आणि चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसणं हे सगळ्यांना झेपेलच असं नाही.