आंबा: फोडी, जाळी का पिळून रस? कुठल्या आंब्याला काय करायचं

मे लागला की आमच्या घरी रोज एकच चर्चा, आज आंबा कापून द्यायचा का रस काढायचा, आणि इतकी वर्षं हे करून माझं मत पक्कं झालंय की हे आपण आधी ठरवायचंच नाही. आंबा हातात घ्यायचा, कुठला आहे, किती मऊ झालाय, धागा आहे का ते बघायचं आणि मग सुरी घ्यायची का पातेलं ते ठरवायचं. पाहुणे येणार म्हणून रसच पाहिजे असा हट्ट धरला की निम्मा गर सालीला आणि कोयीला चिकटून वाया जातो, आणि एवढ्या महागाचा आंबा असा वाया गेलेला मला खरंच बघवत नाही.

काहीही करणार असाल तरी दोन गोष्टी आधी. बादलीत अर्धा-एक तास पाण्यात बुडवून ठेवा. आई म्हणते उष्णता निघते, मी म्हणते धूळ आणि सालीवरचा चीक निघतो, कारण काही का असेना, ठेवायचाच. आणि देठाकडची पातळ चकती कापून टाकायची, ती कुणाला चाटायला द्यायची नाही. आंबा, काजू आणि बिब्बा हे तिघं एकाच कुळातले आहेत, बिब्ब्यानं अंग कसं उततं ते गावाकडच्या लोकांना सांगायला नको, आंब्याचा चीक तेवढा जहाल नाही पण नाजूक कातडीला तोही पुरतो. माझ्या पुतणीनं गावरान आंबा न धुता देठाकडूनच तोंडाला लावला होता, ओठाच्या कडेला असं पुरळ उठलं की चार दिवस पोरगी तिखट खाऊ शकली नाही.

आता जाळी, म्हणजे ते मोबाईलवर दिसतं तसं गाल कापून चौकोन पाडायचे आणि साल उलटी करायची. केशर आणि हापूसला हे एकदम छान, कारण धागा नसतो आणि गर घट्ट पण मऊ असतो. सगळी गोम कोयीची आहे. कोय चपटी असते, म्हणून देठाची चकती कापली की आंबा त्या सपाट बाजूवर उभा करायचा, अरुंद कड आपल्याकडं करायची आणि मधोमधपासून साधारण एक सेंटीमीटर सोडून सुरी सरळ खाली न्यायची, मग तसंच दुसऱ्या बाजूनं. सुरी अडली तर जोर लावू नका, कोय लागलीय, जरा बाहेर सरका. चौकोन पाडताना गाल पाटावर ठेवूनच पाडा, तळहातावर धरून नाही. मी एकदा हातावर धरून केलं होतं, साल पिकून पातळ झाली होती, सुरीचं टोक आरपार गेलं आणि दोन टाके पडले, तेव्हापासून घरात कुणाला हातावर करू देत नाही. हीच जाळी फार पिकलेल्या आंब्याला केली तर चौकोन राहत नाहीत, नुसता लगदा होतो, मग ग्लासाच्या कडेनं किंवा चमच्यानं गर खरवडून घेतलेला बरा.

बदाम आंब्याला मात्र मी जाळी करत नाही. आमच्या शेजारी राहायला आलेलं तेलुगू कुटुंब आहे, ते याला बंगनपल्लीच म्हणतात, मूळ आंध्रातला आंबा तो. त्या मावशींकडूनच मी शिकले की याला सरळ साल काढून फोडी करायच्या. मोठा असतो, साल गुळगुळीत, धागा जवळजवळ नाही, जरा घट्ट असतानाच पीलरनं वरून खाली साल काढली की एका आंब्यात वाटी भरून फोडी होतात, दात नसलेल्या आजोबांनाही देता येतात, डब्यात देता येतात, काट्यानं खाता येतात. तोटा एकच, सोललेला आंबा हातातून सटकतो, म्हणून खालची थोडी साल धरायला ठेवायची आणि ती शेवटी काढायची.

सालीसकट उभ्या फोडी विळीवर, हे जुनं आणि सगळ्यात पटकन होणारं. दहा पोरं बसली असतील तर हेच करा, दातानं ओढून खाऊ द्या.

पण रसाचं बोलायचं तर मी जरा जास्तच बोलणार. गावरान, रायवळ, धागेवाला आंबा फोडी करून खाल्ला की धागे दातात अडकतात आणि लोक आंब्याला नावं ठेवतात, चूक आंब्याची नसते, पद्धतीची असते, तो पिळायचाच आंबा. दोन्ही हातांनी हळूहळू चेपत मऊ करायचा, साल फाटू द्यायची नाही, देठ काढून पहिले चार थेंब बाजूला पिळून टाकायचे, मग पातेल्यात पिळायचा. आईच्या हातातून रस पडताना सुरुवातीला घट्ट गोळा पडतो, मग धार, मग कोय बाहेर, मग ती साल उलटी करून बोटानं पुसून घेते आणि शेवटी साल अन् कोय वाटीभर दुधात धुवून तेही रसातच. मिक्सरमधे दोन मिनिटांत होतं हे खरं, पण फेस येतो, रंग फिका पडतो आणि धागे बारीक होऊन रसातच राहतात. केशरचा रस मिक्सरमधे दोन झटके देऊन करायला हरकत नाही, धागेवाल्याचा नको, तो हातानं पिळून पुरणयंत्रातून काढा. आणि कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात अजिबात ठेवू नका, कळकतो. वरून तूप, चिमूटभर सुंठ किंवा मिरपूड, सोबत शेवया नाहीतर पोळी, कुरडई तळलेली असली तर विचारायलाच नको.

एक आंबा मात्र कशालाच चालत नाही. मागच्या वर्षी एका हातगाडीवरून पेटी घेतली, बाहेरून पिवळीधमक, कापल्यावर कोयीजवळ पांढरट आणि आंबट, कार्बाइडनं पिकवल्यासारखा. कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे तरी असं हाताला लागतं. मी त्याच्या फोडी सरळ टाकूनच दिल्या, पोरांना काय द्यायचं ते. कच्चट पण चांगला आंबा असला तर मात्र तो किसून साखरांबा करा.

आणि ठेवायचं म्हणाल तर कडक आंबा फ्रीजमधे घालू नका, गारठ्यात तो पिकतच नाही, साल काळी पडते. पिकल्यावर घाला. कापलेला किंवा पिळलेला तर लगेच फ्रीजमधे, आपल्याकडं बाहेर 42-43 डिग्री असताना दुपारच्या जेवणाचा रस ओट्यावर राहिला की संध्याकाळी वास मारतो.

सध्या आमच्याकडं केशरची पेटी आहे, वरचे सहा बोटानं दबतायत त्यांचा उद्या रस, मधले चार जाळी करून पोरांना, आणि खालचे अजून हिरवे आहेत ते दोन दिवस पेंढ्यात.