फ्लॉरेन्सचा खासगी गाईड आणि आमचे ७४० युरो

आकडा आधीच सांगून टाकते. फ्लॉरेन्समध्ये तीन दिवसांच्या खासगी गाईडचे आणि त्यानं काढून देतो म्हटलेल्या तिकिटांचे मिळून आम्ही चौघांनी ७४० युरो रोख मोजले. तेव्हाच्या दरानं ६८ हजार रुपये. हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या ओळखीतली चार कुटुंबं येत्या उन्हाळ्यात इटलीला निघाली आहेत आणि त्यांतल्या दोघांकडे त्याच माणसाचा नंबर आहे.

मी साताऱ्याला एकतीस वर्षं इतिहास शिकवला. युरोपातल्या प्रबोधनाचा धडा आला की मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचं चित्र मी फळ्याशेजारी टांगायची. कॅलेंडरमधून कापलेलं होतं ते, कडा पिवळ्या पडलेल्या. मुलगा म्युनिकला नोकरीला लागल्यावर तो म्हणाला, "आई, आता तो पुतळा बघूनच ये." २०२४ च्या सप्टेंबरात मी, हे, माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान असे चौघे त्याच्याकडे गेलो. त्याला रजा नव्हती. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी त्यानं आम्हाला बोलोन्याच्या गाडीत बसवून दिलं, तिथून पुढे फ्लॉरेन्स. चौघांतल्या कुणालाच इटालियनचा एक शब्द येत नव्हता. म्हणून गाईड हवा होता.

नंबर मिळाला तो प्रवासाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर, एका बाईंकडून. 'फार छान माणूस आहे म्हणे, शाकाहारी जेवणाची ठिकाणंसुद्धा दाखवतो.' हे 'म्हणे' तेव्हा माझ्या डोळ्यांवरून नुसतं निघून गेलं. परत आल्यावर मी त्या बाईंना विचारलं, तुम्ही कधी गेला होतात त्याच्याबरोबर? त्या गेल्याच नव्हत्या. त्यांना नंबर त्यांच्या जावेनं दिला होता, जावेला आणखी कुणी. नंबर पुढे पाठवणारे पाच जण मी शोधून काढले, त्यांतला एकही त्याच्याबरोबर फिरलेला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी तो सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर घ्यायला आला. पन्नाशीचा, नीटनेटका, इंग्रजी चांगलं. "नमस्ते" म्हणाला. बहिणीचे गुडघे दुखतात हे चालण्यावरून ओळखून त्यानं तिची बॅग स्वतः उचलली. मग एका कॉफीच्या दुकानात नेलं, तिथे लोक उभ्याउभ्याच इवल्याशा कपातून कॉफी पितात, आणि चौघांच्या कॉफीचे पैसे त्यानंच दिले. आपल्याकडे पाहुण्याला चहा पाजणाऱ्या माणसावर आपण सहज विश्वास टाकतो. मीही टाकला. गळ्यात प्लास्टिकचं कार्ड होतं, त्यावर इंग्रजीत 'टूर लीडर' छापलेलं. मला तेवढं पुरलं.

तिथेच त्यानं वहीच्या पानावर हिशेब मांडला. त्याची फी तीन दिवसांची ३०० युरो. शनिवारी दुओमो, माणशी १५. रविवारी अकादेमिया गॅलरी, म्हणजे डेव्हिड, रांगेत न थांबता आत, माणशी ४०. सोमवारी सकाळी उफिझी, म्हणजे तिथलं चित्रांचं मोठं संग्रहालय, माणशी ५५. "सोमवारी तिथे गर्दी कमी असते," असं तो म्हणाला होता, मला तंतोतंत आठवतंय. बुकिंग आज रात्री बंद होतं, तेव्हा पैसे आत्ताच आणि रोखच लागतील. हे म्हणाले, "मुलाला एक फोन करू या का?" मी म्हटलं, तो कामात असेल. तो फोन करायला हवा होता. मुलानं पाच मिनिटांत संग्रहालयाची साइट उघडून बघितलं असतं.

शनिवारी सकाळी त्यानं आम्हाला सांता मारिया देल फिओरेच्या रांगेत उभं केलं. हेच तिथलं मुख्य चर्च. आता इथे एक शब्दाची गंमत नाही, खोच आहे, ती नीट लक्षात ठेवा. 'दुओमो' ऐकलं की आपल्याला 'डोम' ऐकू येतं, म्हणजे घुमट. इटालियनमध्ये दुओमो म्हणजे शहराचं मुख्य चर्च. घुमटाचा शब्द वेगळा, 'कुपोला'. आम्ही समजलो घुमटावर जाण्याचे पैसे दिले. पन्नासेक मिनिटं रांगेत उभं राहून चर्चमध्ये गेलो, तेव्हा माझे मेहुणे विचारायला लागले की वर कधी जायचं. तो म्हणाला, वर ४६३ पायऱ्या आहेत, ताईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून मी खालचं तिकीट काढलं. पायऱ्यांचा आकडा खरा होता, बहिणीची काळजीही खरी वाटली. आम्ही गप्प बसलो. तिकिटं कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, ग्रुपचं तिकीट माझ्याजवळ आहे.

आत उभं राहून वर बोट दाखवत त्यानं सांगितलं, "हा घुमट मायकेलअँजेलोचा."

तो ब्रुनेलेस्कीचा आहे. १४२० ला काम सुरू झालं, १४३६ ला संपलं. मायकेलअँजेलो तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो १४७५ चा. एवढ्या रुंदीचा घुमट खालून लाकडी आधार न उभारता, विटांचे थर एकात एक अडकवत, आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचं करून बांधला, हे मी मुलांना दरवर्षी शिकवत आले होते. त्याच घुमटाखाली उभं राहून मी हे वाक्य ऐकलं आणि काही बोलले नाही. पाहुण्या गावात माणसाची चूक कशी काढायची, असं वाटलं. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. पैशांची गोष्ट मला माहीत नव्हती, पण ही माहीत होती. ज्याला आपल्या गावच्या घुमटाचा कर्ता माहीत नाही, तो त्या गावचा गाईड नाही, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

दुपारी त्यानं पोंते वेक्किओ दाखवला, तो रोमन लोकांनी बांधला असं सांगून. आजचा पूल १३४५ चा आहे. मग चामड्याच्या 'कारखान्यात' नेलं. तिथे कारखाना नव्हता, दुकानच होतं. मेहुण्यांनी ३९० युरोंचं जाकीट घेतलं. युरोपाबाहेरच्या प्रवाशाला ७० युरोंवरच्या खरेदीवरचा कर परत मागता येतो, त्यासाठी दुकानदाराकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. तो म्हणाला, किमतीत वजा केलाय. फॉर्म दिला नाही. जाकीट बरं आहे, मेहुणे वापरतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर. सकाळी नऊला आम्ही अकादेमियापाशी पोचलो, तर रस्त्याच्या टोकापर्यंत रांग. रांगेशिवाय जायचं होतं ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, आज सुरक्षा तपासणी कडक आहे, म्हणून सगळ्या रांगा एकच केल्यात. दोन तास गेले. बहीण भिंतीला टेकून उभी, मध्येच एका दुकानाच्या पायरीवर बसायची, परत रांगेत यायची. दार दहा पावलांवर आल्यावर तो म्हणाला, "खासगी गाईडना आत बोलायची परवानगी नाही. मी बाहेरच्या दाराशी थांबतो, तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या." आणि गेला.

खिडकीपाशी मी म्हटलं, आमचं बुकिंग आहे. तिथल्या मुलीला ते कळलंच नाही. तिनं चार बोटं दाखवून 'चौघे?' असं विचारलं आणि चार तिकिटं सरकवली. पैसे मागितले नाहीत. मला वाटलं, बुकिंग सापडलं. तिकीट पर्समध्ये ठेवता ठेवता नजर गेली. पातळ कागद, खाली काळ्या रेघांचा चौकोन, वर किमतीच्या जागी ०,०० छापलेलं. इटलीत दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. चारही तिकिटांवर तेच. मी ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "आधी आत चल, नंतर बघू."

डेव्हिडबद्दल मी थोडं लिहिणारच, कारण तो माणूस ते माझ्याकडून घेऊ शकला नाही. लांबट दालनाच्या दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले बंदिवान, दगडातून बाहेर पडायची धडपड करणारे, आणि टोकाला उजेडात तो. पाच मीटरांहून उंच. दुसऱ्यांनी हात लावून सोडून दिलेला, कित्येक वर्षं तसाच पडून राहिलेला संगमरवराचा ठोकळा होता तो. त्यातून १५०१ ते १५०४ मध्ये तिशीच्या आतल्या माणसानं हे काढलं. उजव्या हाताच्या पाठीवर शिरा तटतटलेल्या दिसतात. माझ्या कॅलेंडरच्या चित्रात त्या कधी दिसल्या नव्हत्या. बहिणीनं माझा हात धरला. आम्ही तासभर होतो तिथे.

बाहेर तो नव्हता. फोन बंद. अर्धा तास, पाऊण तास. शेजारी एक बाई आपल्या ग्रुपची वाट बघत होत्या, गळ्यात फोटोचं कार्ड. आमचे चेहरे बघून त्यांनीच विचारलं. मी वहीचं ते पान पुढे केलं. त्यांनी ते एकदा वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात एकेक ओळ सांगायला लागल्या.

दुओमोच्या आत जायला पैसे पडत नाहीत. घुमट, घंटाघर, संग्रहालय यांना तिकीट आहे, नुसत्या चर्चला नाही. आज महिन्यातला पहिला रविवार, आणि २०१४ पासून इटलीतली सरकारी संग्रहालयं पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट असतात. म्हणून तर एवढी रांग. आणि उद्याचं उफिझी? त्यांनी पानावर बोट ठेवलं. "उफिझी सोमवारी बंद असतं. दर सोमवारी."

एरवीच्या दिवशी अकादेमियाचं तिकीट त्या वर्षी १६ युरो होतं, आगाऊ नोंदणीचे ४ वेगळे. उफिझीचं २५ आणि ४. म्हणजे नेहमीच्या दिवशीही त्यानं सांगितलेल्या दराच्या जवळपास निम्मंच. आमच्याकडून त्यानं मुद्दाम फुकटचा रविवार आणि बंदचा सोमवार निवडून पैसे घेतले होते. ही चूक नव्हे. त्यानं कॅलेंडर समोर ठेवून हे ठरवलं होतं.

त्या बाईंनी स्वतःचं कार्ड उलगडून दाखवलं. फोटो, पूर्ण नाव, क्रमांक, आणि कुठल्या भाषांत माहिती द्यायचा परवाना आहे ते. 'ग्विदा तुरिस्तिका', म्हणजे पर्यटक गाईड, असे शब्द. इटलीत हा परवान्याचा व्यवसाय आहे, परीक्षा देऊन मिळतो. डिसेंबर २०२३ च्या कायद्यानं तर देशभराची एकच परीक्षा आणि एकच यादी ठरवली. 'टूर लीडर' हे वेगळं काम, ग्रुपला सोबत करायची, स्मारकाची माहिती द्यायची नाही. आणि आत बोलायची परवानगी नाही हे त्याचं वाक्य त्याच्यापुरतं खरं होतं, कारण आत कुणी कार्ड मागितलं असतं तर दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

आम्ही पोलिसांकडे गेलो. अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, प्रत दिली. पण आमच्याकडे त्याचं पहिलं नाव, बंद पडलेला नंबर आणि बहिणीच्या मोबाइलमधला एक पाठमोरा फोटो, एवढंच. पावती आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. वहीचं पान ही पावती नव्हे. आता मी सगळ्यांना सांगते, गाईडला फी द्यायच्या आधी त्याच्या कार्डाचा फोटो मागा, आणि रोख दिलेत तरी पावती घ्या. खरा गाईड याचा राग मानत नाही. त्या बाई तर म्हणाल्या, मला कुणी विचारलं की बरं वाटतं. तिकिटं मात्र त्याच्या हातून नकोतच, संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवरून आपल्या नावानं काढा. तिथेच सुट्टीचा वार आणि फुकटचा दिवसही लिहिलेला असतो.

सोमवारी दुपारची गाडी होती. सकाळी आम्ही उफिझीच्या उघड्या चौकात जाऊन आलो. दारं बंद, खांबांतल्या कोनाड्यांत फ्लॉरेन्सच्या थोर माणसांचे पुतळे. बॉटिचेल्लीची चित्रं त्या भिंतींच्या पलीकडे होती. बहीण म्हणाली, "ताई, आपण परत येऊ." बासष्टाव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी, ती परत येईल का, मला माहीत नाही. ते ७४० युरो कधीतरी विसरेन. हे विसरणार नाही.

घरी आल्यावर मी ग्रुपवर सगळं लिहिलं, वहीच्या पानाचा आणि ०,०० च्या तिकिटाचा फोटो टाकला. ज्या बाईंनी नंबर दिला होता त्या रडल्या फोनवर, त्यांचा दोष नाही. मागच्या आठवड्यात पुण्याच्या माझ्या भाचीनं तिच्या ग्रुपवरचा एक संदेश पाठवला. गाईडचा फोटो वेगळा, नाव वेगळं, नंबर तोच. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'खूप छान माणूस आहे म्हणे.' मी भाचीला सांगितलं, त्याच्याखाली लगेच विचार, तुमच्यापैकी त्याच्याबरोबर कोण गेलं होतं? तिनं विचारलं. ग्रुपमध्ये दोनशे जण आहेत. अजून उत्तर आलेलं नाही.