आवाजानेच खुनी फुटू नये: रहस्यकथांची ऑडिओबुकं, काही महिने ऐकल्यानंतर

रहस्यकथेचं ऑडिओबुक चांगलं की वाईट, हे आम्ही एका जागी तपासतो: निनावी फोन. छापील पुस्तकात ‘पलीकडून घोगरा आवाज आला’ एवढं लिहून लेखक मोकळा होतो. ऐकताना मात्र तो आवाज निवेदकाला गळ्यातून काढावाच लागतो. कच्चा निवेदक घोगरेपणा आणतो, पण वाक्य तोडायची ढब तीच राहते जी त्याने दोन प्रकरणं आधी धाकट्या दिराला दिलेली असते. झालं, खुनी तिथेच कळला. मुरलेला निवेदक अशा वेळी सोंग घेतच नाही. तो ती वाक्यं सपाट, संथ, निवेदनाच्याच सुरात वाचतो आणि भीती शब्दांवर सोडतो. इंदुरात रामबागेतल्या आजी-आजोबांपासून विजयनगरातल्या नोकरदारांपर्यंत आम्हा ऐकणाऱ्यांची बाकी मतं जुळत नाहीत, यावर मात्र एकमत आहे. बहुआवाजी नाट्यरूपांतरात हा धोका आणखी वाढतो, कारण फोनवरचा नट पुढे कुठल्या पात्रात बोलतो ते कान लगेच पकडतो. म्हणून रहस्यकथेला आमची पसंती एकट्या निवेदकालाच.

पार्श्वसंगीताबद्दल थोडक्यात: प्रकरणाच्या सुरुवातीला आणि शेवटी ठीक. दार उघडण्याआधीच सूर चढला, की दारामागे कुणीतरी आहे हे आधीच समजतं.

इंदूरकरांच्या कानाला एक गोष्ट फार खटकते. कथेत माळव्यातला हवालदार किंवा ट्रकवाला आला, की निवेदक त्याच्या तोंडी मुंबईची हिंदी घालतो, ‘अपुन’ वगैरे. इथला माणूस ‘अपन’ म्हणतो, ‘भिया’ म्हणतो, आणि त्याचा हेल वेगळाच असतो. खोटी बोली ऐकली की पात्रावरचा विश्वास उडतो आणि त्याची साक्षही खोटी वाटू लागते. रहस्यकथेत हे परवडत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. इथल्या पुष्कळ मुलांचं शिक्षण हिंदी माध्यमात होतं. घरात मराठी बोलणाऱ्या त्या मुलांना तीनशे पानांची मराठी कादंबरी वाचायला जड जाते, पण ऐकताना ती अडखळत नाहीत. शुद्ध उच्चारांचा, ‘च’ आणि ‘ळ’ नीट सांभाळणारा निवेदक त्यांच्यासाठी मोलाचा आहे.

ऐकण्याचा वेग सव्वापट, म्हणजे 1.25 पर्यंत चालतो. दहा तासांचं पुस्तक आठ तासांत होतं आणि संवाद बिघडत नाहीत. 1.5 वर ते सहा तास चाळीस मिनिटांत संपतं, पण प्रश्न आणि उत्तर यांमधली शांतता आक्रसते. संशयिताने उत्तर द्यायला घेतलेला वेळ हाच इथे पुरावा असतो. काही प्लेअरमध्ये शांतता आपोआप गाळायची सोय असते, ती आधी बंद करा.

कुजबुज ऐकू न येणं ही सर्वांत मोठी तक्रार. ऑडिबलच्या एसीएक्स या निर्मिती-मंचाच्या निकषांत आवाजाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल आणि शिखर, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, उणे 3 च्या आत ठेवायला सांगतात (शून्य ही वरची हद्द). पण सरासरी पाळूनही एखादी कुजबुज खाली बुडू शकते. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असेल तर ती गेलीच. प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक सूर कमी-जास्त करायच्या सोयीत, बास (जाड सूर) थोडा उतरवा आणि 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा जरा चढवा. व्यंजनं तिथेच स्पष्ट होतात. ब्लूटूथ इअरफोनची आणखी एक खोड असते. लांब शांततेनंतर काही इअरफोन झोपतात आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द गिळतात. नेमकं तिथे नाव असलं, तर दहा सेकंद मागे जाण्यावाचून इलाज नाही. दुचाकीवर तर ऐकूच नका. हॉर्नही निसटतो आणि धागाही.

सुहास आणि सुभाष ही नावं डोळ्याला वेगळी दिसतात, कानाला नाही. पहिल्या तासात पात्रांची नावं आणि नाती कागदावर टिपून ठेवा. किल्ली, गाडी, घड्याळातली वेळ यांचा उल्लेख आला की बुकमार्क टाका, कारण पानं चाळून मागे जाता येत नाही. आणि स्क्रीन झाकून ठेवा. चाळीस मिनिटं उरलेली दिसली, की आत्ता पकडलेला माणूस गुन्हेगार नाही हे उघडच होतं. प्रकरणांच्या यादीत ‘कबुली’सारखं शीर्षक असेल तर तीही उघडू नये.

इंदूरहून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये ऐकायचं असेल, तर घरच्या वायफायवर उतरवून घ्या. सेंधव्यापुढे बिजासन घाटात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. 64 केबीपीएसला (हा ध्वनिफितीच्या दर्जाचा आकडा) तासाला साधारण 29 एमबी लागतात, म्हणजे दहा तासांना 290. 128 ला दुप्पट. झोप लागली तर ऐकणं आपोआप थांबवणारा स्लीप टायमर प्रकरणाच्या शेवटावर लावा, मिनिटांवर नको.

विकत घेण्याआधी ऐकायला मिळणारा नमुना बहुधा सुरुवातीचाच असतो आणि तिथे नुसतं वर्णन असतं. चाचणीची मुदत मिळत असेल तर मधलं, तिघे-चौघे एकदम बोलत असलेलं प्रकरण काढा. ‘तो म्हणाला’ न ऐकताही बोलणारा कोण ते कळलं, तर घ्या.