जुन्या ट्रॉलीवरचा फिरता गोठा: पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

दहा बाय सहाची दोन चाकी ट्रॅक्टर ट्रॉली, तिच्यावर पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांचं) खोकं, आत शेळ्या. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत रोज रात्रीचा वापर. ऊन-पाऊस बाहेर ठेवणं सोपं निघालं, आतली ओल बाहेर काढणं नाही.

सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, दर दोन फुटांवर उभा. छताला 50 मिमी पफ, भिंतींना 30 मिमी. छताचा पैसा पहिल्याच उन्हाळी दुपारी वसूल होतो. भिंतींचा मात्र पश्चिमेची बाजू सोडली तर वाया गेला; वरून हवा खेळती ठेवायचीच असते, तिथे बाकी तीन भिंतींना साधा पत्रा पुरतो. वेल्डिंग पॅनेल बसवण्याआधी उरकून घ्या. नंतर एक टाका मारायला गेलात तरी फोम पेटू शकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. याच कारणाने गोचीड जाळायची फ्लेमगनही इथे चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलेली फवारणीच करावी लागते. कापलेल्या कडा यू-चॅनेलने बंद करा. उघडा फोम उंदीर आठवडाभरात पोखरतात. पॅनेलचा आतला पत्रा शिंगांनी चेपतो, म्हणून खालच्या तीन फुटांना 18 गेजचा साधा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा. सिमेंट बोर्डाच्या वाटेला जाऊ नका, शेतरस्त्याच्या हादऱ्यांनी तो तडकतो.

गळतीचं मूळ सिलिकॉनमध्ये. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन जस्ताच्या पत्र्यावर पांढरी भुकटी धरतं आणि सुटतं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट घ्या. पण ट्रॉली चालताना चेसिस पिळते, कोपरे उघडतात, त्यामुळे सांध्यावरच्या पट्टीखाली दोन इंची ब्युटाइल (चिकट रबरी) टेप हवीच. स्क्रूचे रबरी वॉशर जीव खाऊन आवळले की बाहेर फुगतात आणि तिथूनच ठिबकतं.

आता हवा. दोन्ही लांब बाजूंना छताखाली सलग सहा इंच मोकळी जागा, तिला अर्ध्या इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी). थंडीचा पडदा खालून वर चढणारा हवा, वरून खाली सुटणारा नाही. त्याने जनावराच्या उंचीवरचा वारा अडतो आणि वरची फट उघडी राहते. डिसेंबरात ती फट ताडपत्रीने बंद केली की सकाळी छत आतून ठिबकतं, अमोनिया साचतो आणि करडं खोकू लागतात. शेळीच्या नाकाच्या उंचीला मिनिटभर बसून बघा. डोळे चुरचुरले तर गोठा जास्त बंद आहे. 60 चौरस फुटांत सहा मोठ्या शेळ्या किंवा पंधराएक करडं धरा. दहा शेळ्या मावतात खऱ्या, पण मग फट असूनही ओल हटत नाही.

तळाला रेड ऑक्साइड प्रायमरवर इपॉक्सी रंग, त्याच्या नऊ इंच वर प्लॅस्टिकच्या स्लॅट (मध्ये फटी असलेली फळ्यांची जमीन). मोठ्यांना 15 मिमी फट ठीक, करडांचा पाय त्यात अडकतो. त्यांच्या कप्प्यात रबरी मॅट. पुढची बाजू जॅकने दोन इंच उचलली की मूत मागच्या फाळक्याकडे वाहतं. लेंड्या खालून खरवडायला फाळका उघडता राहू द्या, नाहीतर महिन्यात कंटाळा येतो. दोन चाकी ट्रॉलीला मागेही टेकू हवा: सगळी जनावरं दाराशी गोळा झाली की पुढचा दांडा उचलला जातो. चढायला आठ फुटी फळी, दर आठ इंचांवर पट्टी. दार पूर्वेला, म्हणजे पावसाळी वाऱ्याकडे पाठ.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा विचार आधी करा. वेल्डमेश त्याला अडवत नाही. बाहेरून 10 मिमीचे गज, तीन इंचांच्या अंतराने. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या, कारण एकाच कडीवर खालचा कोपरा वाकवता येतो.