पेनड्राइव्ह रडतखडत चालतोय? फॉरमॅटच्या आधी एच२टेस्टडब्ल्यू चालवा

सी'टी या जर्मन संगणक मासिकाकडून आलेलं हे विंडोजचं फुकट टूल. इन्स्टॉल करावं लागत नाही, एकच छोटी खिडकी उघडते. दिसायला अगदी जुनाट, पण काम चोख.

आधी पोर्ट तपासा. यूएसबी ३ चा ड्राइव्ह हळूच आत सरकवला, तर पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि तो २.० म्हणून ओळखला जाऊ शकतो. मग वेग सेकंदाला ३०-४० एमबीवर अडकतो. काढून झटकन पुन्हा लावा.

मग डेटा दुसरीकडे हलवून ड्राइव्ह रिकामा करा. भाषा इंग्रजी निवडा, ड्राइव्ह दाखवा, ‘ऑल अव्हेलेबल स्पेस’ ठेवून ‘राइट + व्हेरिफाय’ दाबा. टूल १ जीबीच्या .एच२डब्ल्यू फाइलींनी ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि तोच डेटा परत वाचून ताडतं. १० एमबीच्या वेगाने ६४ जीबी नुसतं लिहायलाच पावणेदोन तास जातात, तेव्हा रात्री लावून झोपा.

चुका निघाल्या तर ड्राइव्ह खोट्या क्षमतेचा असेल, नाहीतर चिप मरायला टेकली असेल. दोन्हीत फॉरमॅटचा उपयोग शून्य. चूक नाही पण वेग कमी, तर बहुधा दोष कॅशेचा, म्हणजे ड्राइव्हमधल्या छोट्या वेगवान भागाचा. स्वस्त टीएलसी (एका पेशीत तीन बिट कोंबणारे) ड्राइव्ह पहिले काही जीबी भराभर घेतात, मग धापा टाकतात. इथेच टूलची उणीव जाणवते: शेवटी ते सरासरी वेग सांगतं, घसरण नेमकी कुठे झाली ते नाही.

दुसरी गोम कोणी सांगत नाही. बहुतेक पेनड्राइव्हना ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवणारी सोय, नसतं. चाचणीच्या फाइली पुसल्या तरी कंट्रोलरच्या (ड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपच्या) लेखी जागा भरलेलीच, त्यामुळे चाचणीनंतर ड्राइव्ह आणखी जड वाटू शकतो. फुल फॉरमॅटही सगळीकडे शून्यंच लिहितो, म्हणजे तेच रडगाणं आणि वर झीज. दर महिन्याला चाचणी करायचा सोस नको.

हजारो बारीक फोटो टाकताना वेग पडत असेल तर दोष ड्राइव्हला देऊ नका. झिप करून एकच फाइल टाका, फरक लगेच दिसतो. ड्राइव्ह अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ झाला आणि डिस्कपार्टनेही (विंडोजच्या डिस्क सांभाळणाऱ्या कमांडनेही) सुटला नाही, तर बहुधा कंट्रोलरनेच कुलूप घातलंय. वाचता येतोय तोवर डेटा उतरवून घ्या.

लिनक्स, मॅकवाल्यांनी याच कामाचं एफ३ हे टूल वापरावं. विंडोजवर मात्र एच२टेस्टडब्ल्यूला माझे ५ पैकी ४.